कर वकील नेमकं काय करतात? नोटिशीपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

टॅक्सच्या वकिलाचं नाव पेपरात येतं ते बहुधा एकाच कारणाने: सर्वोच्च न्यायालयात हजारो कोटींचा वाद निकाली निघाला म्हणून. परदेशात झालेल्या कंपनी खरेदीवर भारतात कर लागतो का, या वादात २० जानेवारी २०१२ रोजी व्होडाफोनच्या बाजूने निकाल लागला, ११,००० कोटी रुपयांच्या आसपासची कराची मागणी रद्द झाली आणि कंपनीची बाजू मांडणाऱ्या हरीश साळवे यांच्या युक्तिवादाची देशभर चर्चा झाली. तो निकाल मोठा होताच. पण कर कायद्याच्या फर्ममध्ये रोज जे काम चालतं त्याचा फार थोडा भाग असा उजेडात येतो. प्राप्तिकराचा खटला बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर, नोटिशीच्या उत्तरात आणि त्याला जोडलेल्या कागदांत, जिंकला किंवा हरला जातो. वरच्या न्यायालयांत त्या कागदांचा अर्थ लावला जातो. हे असं का, ते कळलं की या वकिलांचं कामही कळतं आणि त्यांचं यश कशावरून मोजावं हेही.

मुळापासून सुरुवात करू. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ एका वाक्याचा आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही की वसूल करता येणार नाही. म्हणजे अधिकाऱ्याला एखाद्या व्यक्तीने कर भरायला हवा असं मनापासून वाटलं, तरी तेवढं पुरत नाही. कायद्यातलं कुठलं कलम, त्यातले कुठले शब्द, आणि या माणसाचा व्यवहार त्या शब्दांत बसतो का, हे दाखवावं लागतं. करदात्यालाही हाच नियम उलट बाजूने लागू होतो. सवलत हवी असेल तर आपण तिच्या अटींत बसतो हे त्याने दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१८ साली दिलीप कुमार अँड कंपनी या सीमाशुल्काच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. कर बसवणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर फायदा करदात्याला, सवलत देणाऱ्या अधिसूचनेत संदिग्धता असेल तर फायदा सरकारला. कर वकिलाचं पहिलं काम त्यामुळे अगदी साधं दिसतं: आपला वाद यातल्या कुठल्या बाजूचा, ते ओळखणं. यावर पुढची सगळी मांडणी ठरते.

आता एक कल्पित प्रकरण घेऊ. एका बाईंनी २०१९ साली राहतं घर विकलं. नफा झाला ८० लाख रुपये. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ५४ सांगतं की हा नफा ठरलेल्या मुदतीत दुसऱ्या घरात गुंतवला तर त्यावर कर नाही. घर विकत घ्यायचं तर विक्रीच्या एक वर्ष आधीपासून दोन वर्षं नंतरपर्यंत, बांधायचं तर तीन वर्षांत. बाईंनी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत फ्लॅट घेतला, सगळे पैसे भरले. बिल्डरने ताबा द्यायला चार वर्षं लावली. तीन वर्षांत घर झालं नाही म्हणून सवलत नाही, असं म्हणत प्राप्तिकर खात्याने केस पुन्हा उघडली. मूळ कर २० टक्के दराने १६ लाख, त्यावर अधिभार आणि उपकर, कलम २३४ब खाली दरमहा एक टक्का व्याज. शिवाय कमी उत्पन्न दाखवलं म्हणून करावर ५० टक्के दंडाची टांगती तलवार, आणि माहिती जाणूनबुजून चुकीची दिली असं ठरलं तर तो दंड २०० टक्के.

बाई वकिलाकडे येतात तेव्हा त्यांना विचारायचं असतं, "माझी काय चूक?" वकिलाचा पहिला प्रश्न मात्र वेगळा असतो: नोटीस कुठल्या कलमाखाली आहे, तिच्यावर तारीख काय आहे आणि ती खात्याच्या पोर्टलवर कधी आली? केस पुन्हा उघडण्याआधी कलम १४८अ खाली कारणं दाखवून करदात्याचं म्हणणं ऐकावं लागतं. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून आली, पण तिचं बीज वकिलांनी लढवलेल्या एका खटल्यात आहे. जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या नोव्हेंबरात सांगितलं होतं की करदात्याने मागितली तर केस उघडण्याची कारणं द्यावीत, त्याला हरकती घेऊ द्याव्यात आणि त्या हरकतींवर कारणांसह आदेश काढावा. जवळपास दोन दशकं ही पद्धत न्यायालयाच्या त्या छोट्याशा आदेशावर चालली, मग संसदेने तशी पायरी कायद्यातच घातली. मला हे यश व्होडाफोनपेक्षा मोठं वाटतं. नाव ठाऊक नसलेल्या असंख्य करदात्यांना ते उपयोगी पडलं.

तारखेचं महत्त्व किती, हे पाहायचं तर २०२१ चा गोंधळ आठवावा. केस उघडण्याचे जुने नियम ३१ मार्चला संपले, नवे १ एप्रिलपासून लागू झाले. पण कोविडमुळे मुदती वाढवणारा वेगळा कायदा होता. त्याच्या आधारे खात्याने एप्रिल ते जून या काळात जुन्याच नियमांखाली सुमारे ९०,००० नोटिसा काढल्या. उच्च न्यायालयांत हजारो रिट याचिका दाखल झाल्या आणि अनेक उच्च न्यायालयांनी नोटिसा रद्द केल्या. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०२२ रोजी आशिष अगरवाल प्रकरणात अनुच्छेद १४२ चा विशेष अधिकार वापरून मधला मार्ग काढला: त्या नोटिसा नव्या पद्धतीतल्या कारणे दाखवा नोटिसा समजाव्यात. तरीही प्रश्न उरला, की मग मुदतीचे दिवस मोजायचे कसे? त्यासाठी ३ ऑक्टोबर २०२४ रोजी राजीव बन्सल प्रकरणात दुसरा निकाल द्यावा लागला. त्यात खात्याकडे उरलेले दिवस कसे मोजायचे याची रीत सांगितली आहे. काही करदात्यांचा कर देय होता की नव्हता, हा प्रश्नच पुढे आला नाही. दिवस मोजल्यावर नोटीस मुदतीबाहेर गेली आणि प्रकरण संपलं. म्हणूनच चांगल्या फर्ममध्ये फाइलचं पहिलं पान तारखांचं असतं.

आपल्या बाईंची नोटीस मुदतीत आहे असं धरू. आता खरी मेहनत सुरू होते. वाटपपत्र, नोंदणीकृत करार, बँकेतून बिल्डरला गेलेल्या प्रत्येक रकमेची नोंद, रिटर्नच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम भांडवली नफा खात्यात ठेवली असेल तर त्याचं पासबुक, महारेराच्या संकेतस्थळावर बिल्डरने बदललेली ताब्याची तारीख, उशीर आपल्यामुळे झाला हे कबूल करणारं बिल्डरचं पत्र. हे सगळं क्रमाने लावून, पानांना आकडे घालून निर्धारण अधिकाऱ्यापुढे ठेवायचं. सोबत निकाल जोडायचे: पैसे मुदतीत गुंतवले असतील तर बांधकाम पूर्ण व्हायला उशीर झाला म्हणून सवलत नाकारू नये, असं मुंबई उच्च न्यायालयाने कलम ५४ बाबत म्हटलेलं आहे, आणि कलम ५४फ या शेजारच्या तरतुदीबाबत कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१२ साली म्हटलेलं आहे.

एवढा आटापिटा पहिल्याच पायरीवर कशाला, अपील आहेच की, असं बऱ्याच जणांना वाटतं. महागात पडते ती हीच समजूत. पहिलं अपील ३० दिवसांत आयुक्तांकडे जातं. तिथे नवा पुरावा द्यायचा तर प्राप्तिकर नियम ४६अ आडवा येतो. अधिकाऱ्याने तो घ्यायला नकार दिला, किंवा सबळ कारणामुळे तो वेळेत देता आला नाही, अशा मोजक्या परिस्थितीतच तो स्वीकारला जातो, आणि मग अधिकाऱ्याला त्याला उत्तर देण्याची संधी द्यावी लागते. त्यापुढे आहे आयकर अपील न्यायाधिकरण, म्हणजे सगळे म्हणतात ते ट्रिब्युनल. २५ जानेवारी १९४१ ला ते सुरू झालं. त्याच्या खंडपीठावर सहसा एक न्यायिक सदस्य आणि एक लेखा सदस्य बसतो. वस्तुस्थिती काय घडली याबद्दल ट्रिब्युनलचा शब्द शेवटचा, आणि तिथेही ज्यादा पुरावा देण्याचा पक्षकाराला हक्क नाही. ट्रिब्युनलला गरज वाटली तर ते मागवतं.

त्याच्या वर उच्च न्यायालय. कलम २६०अ नुसार तिथे अपील चालतं ते फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. बाईंनी पैसे भरले की नाही, हे उच्च न्यायालय पुन्हा तपासत बसणार नाही. ट्रिब्युनलचा निष्कर्ष पुराव्याशी पूर्णपणे विसंगत असेल तरच त्याला हात लागतो. एकाच समूहातल्या कंपन्यांच्या आपसातल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांतल्या किमतींचे वाद तर ट्रिब्युनलमध्येच संपतात अशी समजूत बरीच वर्षं होती. एप्रिल २०२३ मध्ये सॅप लॅब्ज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किंमत ठरवताना कायद्यातले आणि नियमांतले निकष पाळले का, हे उच्च न्यायालय पाहू शकतं. तरीसुद्धा ज्या कागदांवर हे पाहायचं ते खालूनच आलेले असतात. ज्युनिअर वकिलांनी रात्री जागून लावलेलं पेपरबुक, म्हणजे कागदपत्रांचा क्रमवार संच, आणि त्याची अनुक्रमणिका हे पुढच्या दहा वर्षांच्या खटल्याचं सगळं भांडवल असतं.

आणखी एक हिशेब इथे येतो, जो करदात्यांना क्वचितच ठाऊक असतो. सप्टेंबर २०२४ पासून प्राप्तिकर खात्यावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने स्वतःच्या खात्यावर मर्यादा घातली आहे: वादातला कर ६० लाखांहून जास्त असेल तरच ट्रिब्युनलमध्ये, २ कोटींहून जास्त असेल तरच उच्च न्यायालयात आणि ५ कोटींहून जास्त असेल तरच सर्वोच्च न्यायालयात जायचं. काही अपवाद आहेत, पण बाईंचा वाद १६ लाखांच्या आसपासचा. पहिल्या अपिलात त्या जिंकल्या तर खातं साधारणपणे पुढे जाऊ शकत नाही आणि प्रकरण तिथेच मिटतं. त्यांच्यावर मात्र असं बंधन नाही. हरल्या तर त्या पुढे जाऊ शकतात. छोट्या करदात्यासाठी पहिलं अपील हेच व्यवहारात शेवटचं न्यायालय आहे, आणि त्याची तयारी नोटिशीच्या उत्तरापासून होते.

अपील चालू असताना वसुली थांबवणं हे वेगळंच काम. मंडळाच्या सूचनांनुसार सामान्यतः वादातल्या रकमेच्या २० टक्के भरल्यावर पहिल्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत उरलेल्या वसुलीला स्थगिती मिळते. प्रकरण सरळसरळ करदात्याच्या बाजूचं असेल तर त्याहून कमी रकमेवर स्थगिती मागता येते. कागदावर ही बाब दुय्यम. पण बँक खातं गोठलेलं असेल, पगार थकलेले असतील, तेव्हा दोन पानांच्या स्थगिती अर्जावर धंदा तग धरतो. माझ्या मते या कामाची कदर सर्वांत कमी होते.

हे झालं लढाईचं काम. फर्मच्या वेळेचा मोठा भाग जातो सल्ल्यात, म्हणजे व्यवहार होण्यापूर्वीच. कंपनी विकायची आहे, परदेशी भागीदार घ्यायचा आहे, कुटुंबाच्या मालमत्तेची वाटणी करायची आहे: कर कुठे लागेल, करारात काय लिहावं, कुठला कर कोण सोसणार? इथे वकिलाला एका रेषेवर सतत नजर ठेवावी लागते. उत्पन्न लपवणं, खोटी बिलं लावणं हा गुन्हा आहे, त्यात सल्ल्याला जागाच नाही. कायद्याने दिलेली सवलत घेणं हा हक्क आहे. या दोघांच्या मधल्या पट्ट्यात कर वाचवण्यापलीकडे ज्यांना काही हेतू नाही असे व्यवहार येतात, आणि त्यांच्याबद्दल न्यायालयांची भूमिका हेलकावत आली आहे. १९८५ साली मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फसव्या युक्त्यांना नियोजन म्हणता येणार नाही असं बजावलं. २००३ साली आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीला भारत-मॉरिशस कर करारातले फायदे मिळतील असं ठरवलं. २०१२ साली व्होडाफोनमध्ये व्यवहार संपूर्णपणे पाहा, त्याचे तुकडे करू नका, असं सांगितलं. मग संसदेने कर टाळण्याविरुद्धचे सर्वसाधारण नियम आणले, ते १ एप्रिल २०१७ पासून लागू झाले. १९९५ सालचा उत्तम सल्ला आज धोक्याचा असू शकतो. "हे करता येईल, पण मी करू देणार नाही" असं अशिलाला सांगणारा वकील त्या दिवशी फी गमावत असेल, पण त्याने टाळलेला खटला कुठल्याच यादीत दिसत नाही.

व्होडाफोनचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. निकाल जानेवारीत लागला आणि त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने कलम ९ मध्ये, म्हणजे कुठलं उत्पन्न भारतात मिळालं असं धरायचं ते सांगणाऱ्या कलमात, थेट १९६२ पासून लागू होणारी दुरुस्ती केली. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेलं काही महिन्यांत हातातून गेलं. वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला, सप्टेंबर २०२० मध्ये तिथे कंपनी जिंकली, आणि २०२१ साली संसदेने पूर्वलक्षी मागण्या मागे घेणारी दुरुस्ती केली. एकाच वादासाठी घटनात्मक वकील, कर वकील आणि आंतरराष्ट्रीय लवादाचे वकील लागले. याउलट २ मार्च २०२१ चा इंजिनिअरिंग ॲनालिसिस निकाल पाहा. परदेशी कंपनीला तयार सॉफ्टवेअरसाठी दिलेले पैसे हे रॉयल्टी नाहीत, म्हणून त्यातून कर कापण्याची गरज नाही, असं न्यायालयाने ठरवलं. जवळपास वीस वर्षं उच्च न्यायालयं या प्रश्नावर वेगवेगळं बोलत होती. निकालाचा गाजावाजा कमी झाला, परिणाम मात्र सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्या अनेक कंपन्यांवर झाला.

वाद मिटवणं हेही कर्तबगारीचं काम आहे. २०१२ पासून बहुराष्ट्रीय कंपन्यांना खात्याशी पुढच्या पाच वर्षांपर्यंतच्या किंमत ठरवण्याच्या पद्धतीबद्दल आगाऊ करार करता येतो. मागची चार वर्षंही त्यात आणता येतात. "विवाद से विश्वास" योजना २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये आली, तेव्हा वादातला कर भरून व्याज आणि दंड माफ करून घ्यायचा की लढत राहायचं, हे वकिलाला फाइलगणिक ठरवावं लागलं. लढण्यात वकिलाला जास्त मिळकत असते. म्हणून "भरून टाका" हा सल्ला वकिलाच्या प्रामाणिकपणाची कसोटी पाहतो.

मग यश ओळखायचं कसं? भारतात वकिलांना जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ ने ती बंद केली आहे, २००८ पासून संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढीच माहिती देण्याची मुभा आहे. निकालावर टक्केवारीने फी ठरवणंही वर्ज्य आहे. तसं कोणी सुचवलं तर सावध व्हावं. हाती उरतात ते निकाल, आणि ते वाचताना थोडी पारख लागते. ट्रिब्युनल प्रकरण पुन्हा खालच्या अधिकाऱ्याकडे पाठवतं तेव्हा आदेशाच्या शेवटी "सांख्यिकी कारणांसाठी अपील मंजूर" असं लिहिलेलं असतं. मोजताना तो विजय ठरतो, प्रत्यक्षात वाद पुन्हा शून्यावर येतो. वादातली रक्कम मर्यादेखाली आहे म्हणून खात्याने अपील मागे घेतलं, तर करदाता सुटतो, पण कायद्याचा प्रश्न अनुत्तरितच राहतो. एखाद्या मोठ्या निकालाला जोडलेल्या शेकडो प्रकरणांपैकी एक आपलं असणं आणि मूळ प्रकरण उभं करणं यांतही फरक आहे. निकालपत्रात ज्या सीनियर ॲडव्होकेटचं नाव आधी येतं त्यांना वकीलपत्र दाखल करता येत नाही, दुसऱ्या वकिलाने त्यांना ब्रीफ, म्हणजे प्रकरणाचे कागद आणि माहिती, द्यावं लागतं. वर्षानुवर्षं फाइल सांभाळणारा हा दुसरा वकीलच असतो.

सीए की वकील, हा प्रश्नही नेहमी येतो. अधिकारी, आयुक्त आणि ट्रिब्युनल यांच्यापुढे दोघेही बाजू मांडू शकतात, उच्च न्यायालयापासून पुढे फक्त वकील. हिशेबात खोल जायचं तर सीएला तोड नाही. फौजदारी कारवाईची शक्यता असेल तर मात्र वकील लवकर गाठावा, कारण अशिलाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना पुराव्याच्या कायद्याचं जे संरक्षण आहे ते वकिलाशी झालेल्या बोलण्याला आहे.

फर्ममधले वकील लिहितात, शिकवतात, विधेयकांवर सूचना पाठवतात, आणि हे काम शोभेचं समजू नये. नानी पालखीवाला केशवानंद भारती खटल्यामुळे सर्वांना माहीत आहेत, पण जमशेदजी कांगांसोबत त्यांनी प्राप्तिकरावर लिहिलेलं भाष्य १९५० साली आलं आणि न्यायालयांत ते पुढे अनेक दशकं आधाराला घेतलं गेलं. आता तसं काम पुन्हा नव्याने लागणार आहे. प्राप्तिकर कायदा २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो १ एप्रिल २०२६ पासून लागू होतो. कलमं ५३६, भाषा सुटसुटीत, "मागील वर्ष" आणि "निर्धारण वर्ष" जाऊन एकच "कर वर्ष". साठ वर्षांत न्यायालयांनी ज्या शब्दांना अर्थ दिला ते शब्द जिथे तसेच आहेत तिथे जुने निकाल चालतील. जिथे ते बदलले आहेत तिथे बदल केवळ सोपेपणासाठी की अर्थच बदलण्यासाठी, यावर वाद होतील. पहिल्या कर वर्षाची रिटर्न २०२७ मध्ये भरली जातील, त्यांतली काही तपासणीला निवडली जातील, मग आदेश, मग अपिलं. आपल्या बाईंची फाइल मात्र १९६१ च्या कायद्यानेच चालणार आहे, आणि फर्मच्या कपाटात दोन्ही कायदे शेजारी शेजारी ठेवावे लागणार आहेत.